वाफेची काळी चार

"सोनटक्के, तुमची वाफ अजून नाचतेच आहे का?"

नाडगौडा साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले की आधी लवंगेचा वास यायचा आणि मग टोमणा. मी मान वळवली नाही. समोर पडद्यावर वाफेच्या दाबाची हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर. थोड्या वेळानं थकून तिनं सरळ व्हावं अशी सगळ्या ऑफिसची अपेक्षा होती. ती काही थकत नव्हती.

"नाचतेय," मी म्हटलं.

"आणि तुम्ही नुसत्या बघत बसलाय."

"मग काय करू? नाचू नको म्हणून सांगू?"

ड्रॉइंग बोर्डांच्या मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब नाही हसले.

"डॅम्पिंग वाढवा. शांत करा तिला. परवा कारखान्यात मीटिंग आहे आणि मला एक आकडा हवाय. एकच. स्थिर."

डॅम्पिंग म्हणजे प्रोग्रॅममध्ये घालायचा एक आकडा. तो वाढवला की रेघेची वळवळ दाबली जाते. गरजेपुरता सगळेच वापरतात. पण हात सैल सोडला की मग प्रोग्रॅम तेवढंच बोलतो जेवढं आपल्याला ऐकायचं असतं. मी तो जवळजवळ शून्यावर आणून ठेवला होता.

"नाही वाढवणार."

"का?"

"वाढवला की रेघ सरळ होते आणि पातं तुटूच शकत नाही असं उत्तर येतं. पातं तीनदा तुटलंय साहेब."

ही गोष्ट आमच्या टर्बाइनची. कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात आम्ही ती बसवली होती. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळायचा, त्याची वाफ टर्बाइनमध्ये सोडायची, वीज काढायची. ऐन गळितात तिच्या शेवटच्या रांगेतलं एक पातं तुटलं. नवं बसवलं. तेही तुटलं. तिसरंही. पातं तुटतं म्हणजे पोलादी केसिंगच्या, म्हणजे कवचाच्या, आत बंदुकीची गोळी सुटते, आणि कारखाना बंद पडून आवारात ऊस वाळतो. आमच्या लोकांनी बेअरिंग बदललं, कपलिंग बदललं, रोटर पुन्हा तोलून घेतला. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा फाइल माझ्या टेबलावर आली.

माझ्या टेबलावर म्हणजे 'कॉम्प्युटर सेक्शन'कडे. रिपोर्टवर असंच लिहायचे. जणू टेबल-खुर्चीनं गणित केलं. त्या सेक्शनमध्ये मी एकटी होते, आणि मी बारावी नापास. टायपिंग चाळीसच्या सर्टिफिकेटवर लागले होते, कोटेशनं टाइप करायला. कंपनीनं एका संस्थेकडून वाफेचा प्रोग्रॅम घेतला तेव्हा त्याच्या ओळी कॉम्प्युटरमध्ये टाइप करायचं कमीपणाचं काम कुणाला नको होतं, म्हणून ते टायपिस्टला दिलं. टाइप करता करता मी वाचायला लागले. वाचता वाचता भांडायला लागले. तो प्रोग्रॅम कोरड्या वाफेचा होता, आणि शेवटच्या पात्यांपाशी वाफ कोरडी नसतेच. रद्दीच्या दुकानातून गणिताची पुस्तकं आणली आणि सहा वर्षं त्या प्रोग्रॅममध्ये ओल घातली. मला कुणी शिकवलं नाही, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. शिकवायला हवं होतं.

"हे बघा," मी साहेबांना म्हटलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "वाफ इथं पसरते, थंड होते. आता तिचं पाणी व्हायला हवं. होत नाही. अडून बसते. आणखी थंड होते. मग इथं एकदम, एकाच जागी, लाखो थेंब. थेंब झाले की उष्णता सुटते. त्या उष्णतेचा मागच्या वाफेला धक्का बसतो. धक्का बसला की थेंब बनायचे थांबतात. थांबले की वाफ परत थंड. परत थेंब. परत धक्का. हे धक्के खाऊन खाऊन पातं तुटतं."

"हे पुस्तकात मीही वाचलंय."

"मग?"

"पुस्तकात नळी असते, सोनटक्के. काचेची, हातभर. इथं टर्बाइन आहे. टर्बाइनमध्ये असं होताना मी तीस वर्षांत ऐकलेलं नाही. प्रोग्रॅम स्थिरावत नाही याचा अर्थ प्रोग्रॅममध्ये खोट आहे. हा माझा अनुभव आहे, अपमान नाही."

हे मान्य करायला हवं की ते खरं बोलत होते. न स्थिरावणारे शंभर प्रोग्रॅम घेतले तर नव्व्याण्णवांत खोट असते. त्यांची डॉक्टरेट काही लग्नात आंदण मिळालेली नव्हती.

"परवापर्यंत रेघ सरळ," ते म्हणाले. "नाही झाली तर हा कॉम्प्युटर खरेदी विभागाला जाईल. डायरेक्टरांनी तसं सांगितलंय. मी त्यांच्याशी भांडू कशाच्या जोरावर? नाचाच्या?"

"आणि मी?"

"तुम्ही टाइपरायटरवर."

मी म्हटलं, "मग परवा मला बरोबर न्या. 'बाईचं गणित चुकलं' हे कारखान्याच्या लोकांना माझ्या देखत सांगा. पाठीमागून नको."

साहेबांनी दाढेखालची लवंग फिरवली. "तुमच्याइतकं उद्धट माणूस मी पाहिलेलं नाही."

"उद्धट आहे. गाडी किती वाजता निघते?"

कंपनीची ट्रॅक्स गाडी पहाटेच निघाली. साहेब साइटवर सहसा जातच नसत. ऑफिसात म्हणायचे, नाडगौडांना कपड्यांना तेल लागलेलं चालत नाही. मलाही तेच वाटायचं. कराडच्या पुढं गेल्यावर त्यांनी खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत नीट बोळे बसवले. कारखाना अजून दोन तासांवर होता.

कारखान्याच्या फाटकावरच मोठा फलक लावला होता: यंदाचा साखर उतारा जिल्ह्यात पहिला. चीफ इंजिनिअर मगदूम आम्हाला घ्यायला आले. भला माणूस, पण तीन पात्यांनी त्याच्या डोळ्यांखाली काळं आणलेलं.

"मीटिंग चारला आहे. जेवून घेता का आधी?"

"आधी टर्बाइन," मी म्हटलं.

मगदूमांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कापसाकडं बोट दाखवून मान हलवली, म्हणजे काही ऐकू आलं नाही.

टर्बाइन हॉलमध्ये शिरलं की आवाज अंगावर येतो. कानात नाही, छातीत. तिथं ऑपरेटर होता दादू खोत. मिशीला पीळ आणि गळ्यात लाल मफलर. हॉलमध्ये उकडून निघत होतं तरी मफलर.

"ह्या बाई कोण?" त्यानं मगदूमांना ओरडून विचारलं.

"कंपनीच्या. कॉम्प्युटरवर हिशेब करतात टर्बाइनचा."

"कॉम्पुटरला काय कळतंय वो हिचं? मी आठ वर्सं संबाळतोय, मला कळंना." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बाई, ही नुसती फिरत न्हाई. गाती."

"काय करते?"

"गाती, गाती! ऐका की. त्या घरघरीच्या खालनं."

मी ऐकलं. आधी नुसती घरघर. मग तिच्या आत एक बारीक, लांबलचक, न तुटणारा आवाज. कुणी तरी तोंड मिटून गुणगुणत असल्यासारखा.

"सारखी गाते?"

"सारखी न्हाई. बॉयलरची वाफ कोमट आली की गाती. बगॅस ओला आला की वाफ कोमट येती. यंदा बगॅस लई ओला. तुमची माणसं आली तवा नेमकी गप बसली हुती, आनि मला म्हनली, खोत, कान तपासून घ्या."

कोमट. प्रोग्रॅममधली रेघ नाचायची ती येणारी वाफ जरा थंड धरली तरच. गरम धरली की ती आपोआप सरळ व्हायची, डॅम्पिंग न वाढवता. हे मी साहेबांना तीनदा सांगितलं होतं आणि तिन्हीदा ते 'हं' म्हणाले होते.

मी वळून पाहिलं. साहेब केसिंगपासून दहा हातांवर उभे होते. एका कानातला कापूस त्यांच्या हातात होता. मान तिरकी. चेहऱ्यावर असं काही, की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

"साहेब, बसता का?"

"काळी चार," ते म्हणाले.

"काय?"

"काळी चार!" ते ओरडले. "सूर! पेटीची काळी चार. किंचित चढी आहे."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी त्यांना हाताला धरून हॉलच्या बाहेर, लोखंडी जिन्यावर आणलं. अधिकाऱ्याचा हात असा धरायचा नसतो हे मला नंतर सुचलं. मगदूम आणि खोत मागोमाग आले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? ऐकू येतं." ते जरा ओशाळले. "माझे वडील नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. मी सहा वर्षांचा असल्यापासून सूर लावायला त्यांच्या शेजारी. मला सगळ्याचाच सूर ऐकू येतो. पंख्याचा, नळाचा, तुमच्या कॉम्प्युटरचा. म्हणून मी साइटवर येत नाही. पन्नास बेसूर एकदम ओरडत असतात हो, डोकं फुटतं."

तेलाच्या डागाची गोष्ट ऑफिसनं रचलेली होती. मी पुढचं विचारलं.

"काळी चार म्हणजे किती?"

"किती काय?"

"एका सेकंदाला किती वेळा थरथरते?"

साहेबांचे ओठ हलले. "पांढरी सहा चारशे चाळीस. तिच्या लगेच खालची काळी चार. चारशे पंधरा."

"आणि किंचित चढी म्हणजे?"

"दोनचार वर. सतरा, अठरा. का?"

मी बॅगेतून रेघेचा छापील कागद काढला. रेघ एका सेकंदाला किती हेलकावे घेते ते मी मागेच मोजलं होतं, मोजून बाजूला ठेवलं होतं, कारण ते कशाशी ताडून बघायचं हेच माहीत नव्हतं. आकडा मी साहेबांच्या नाकासमोर धरला.

चारशे अठरा.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. तेवढ्यात मगदूम म्हणाले, "मला कुणी सांगेल का काय चाललंय?"

"बाईंची वाफ काळी चारमध्ये नाचते," साहेब हळूच म्हणाले. "तुमचीही." मग लगेच त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. "पण योगायोग असू शकतो. एक आकडा जुळला म्हणजे काही सिद्ध होत नाही."

राग आला. पण बरोबर होतं.

"एक नको. तीन जुळवते," मी म्हटलं. "मगदूम साहेब, वाफ गरम करायची. हळूहळू. माझा प्रोग्रॅम सांगतो, दहा अंश वाढली की हेलकावे कमी होतात. तीनशे ब्याण्णवच्या आसपास. सूर सांगा, नाडगौडा साहेब."

"पांढरी पाच."

"आणखी चारपाच अंश. तीनशे सत्तर."

"काळी तीन."

"त्याच्या जरा पुढं गेलो की काही नाही. हळूहळू नाही. एकदम बंद."

"आनि न्हाई झाली तर?" खोतनं विचारलं.

"नाही झाली तर मी सोमवारपासून टाइपरायटरवर. हे साहेब साक्षीला."

मगदूमांनी कपाळ पुसलं. "अहो बाई, वाफ गरम करायची म्हणजे बगॅस कोरडा पाहिजे. म्हणजे शेवटच्या गाळपाला चोथ्यावर जे पाणी मारतो ते कमी करायचं. मग साखर चोथ्यात राहते. उतारा पडतो. फाटकावर फलक बघितला ना? केमिस्ट माझा जीव घेईल."

"यंदा पाणी जास्त मारता?"

"मग! त्यावरच तर पहिला नंबर आलाय."

खोतनं मिशीवरून हात फिरवला. मगदूमांचं तोंड हळूहळू उघडलं. उसातला शेवटचा गोड थेंब पिळून घ्यायला त्यांनी चोथा भिजवला होता. तो ओला चोथा बॉयलरमध्ये गेला, वाफ कोमट झाली, आणि पात्यांना जे भोगावं लागलं ते पात्यांनी भोगलं. साऱ्या जिल्ह्यानं हारतुरे दिले होते त्या पाण्याला. ते कुणाला कसं दिसणार?

"आयला," मगदूम म्हणाले. मग खोतला, "चल. तासभर. केमिस्टला मी बघतो."

हॉलमध्ये बोलून काही ऐकू जात नाही, म्हणून साहेबांनी खुणा ठरवल्या. उजवी मूठ वर म्हणजे काळी. उघडा पंजा म्हणजे पांढरी. डाव्या हाताची बोटं म्हणजे नंबर. ते केसिंगसमोर उभे राहिले, कापूस खिशात, डोळे मिटलेले. उजवी मूठ वर, डावी चार बोटं. डॉक्टर नाडगौडा, कडक इस्त्रीच्या शर्टात, मिरवणुकीतल्या बँडवाल्यासारखे.

खोत तापमानाच्या काट्यापाशी. तो बोटांनी अंश दाखवायचा. मी मधे.

काटा चढायला लागला. तीन अंश. पाच. मूठ तशीच, बोटं चार. सात. आठ. मूठ तशीच. खोतनं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग माझ्याकडं बघून खांदे उडवले.

मूठ वरच. काळी चार.

मी खरं सांगते, मला तिथं शाईच्या फितीचा वास आला. 'आपले पत्र पोचले, आपल्या मागणीनुसार दर खालीलप्रमाणे.' वर्षभर, दोन वर्षं, निवृत्त होईपर्यंत. प्रोग्रॅमच्या ओळी डोळ्यांसमोरून सरकायला लागल्या आणि प्रत्येक ओळीत चूक दिसायला लागली. साहेबांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट ते मान पुढं काढून आणखी कान देत होते, जणू सूर खाली उतरावा म्हणून त्याला ओढत होते.

मग मला शंका आली. मी खोतपाशी धावले. "हा काटा कुठल्या वाफेचा?"

"बॉयलरातनं निगंल तितला!"

"आणि तिथून इथवर पाइप किती लांब?"

"लई लांब! गार पडलाय त्यो. तापाय नको व्हय?"

अर्थात. वाफ तिकडं गरम झाली होती, इथं नाही. मी परत जागेवर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता उभी राहिले.

आणि साहेबांची मूठ उघडली.

पंजा. हळूच, एखाद्याच्या हातून पक्षी सुटावा तशी. डावीकडं पाच बोटं. पांढरी पाच.

मी ओरडले. काय ओरडले ते मलाही ऐकू आलं नाही. मगदूमांनी जोरात माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग घाबरून हात मागं घेतला. साहेबांचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा बदलला होता. खोतची बोटं वाढत होती. बारा. चौदा. पंजा डगमगला, जरा मिटला, जरा उघडला, सूर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असावा तसा. मग घट्ट मूठ. तीन बोटं.

काळी तीन.

मी दोन्ही हात तोंडावर धरले. आता एकच उरलं होतं. सोळा. सतरा. मूठ वर. अठरा. मूठ वर.

आणि मूठ खाली पडली. नुसती खाली. साहेबांनी डोळे उघडले आणि दोन्ही तळहात पसरले, रिकामे.

घरघर तशीच होती. पण तिच्या पोटातलं ते गुणगुणणं गेलं होतं. पुसट होत होत नाही, विरत विरत नाही, एकदम. घरात सारखा चालू असलेला पंखा बंद पडल्यावर जशी मग त्याच्या आवाजाची जाणीव होते, तसं. खोत काटा सोडून धावत आला, केसिंगपाशी कान नेला, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं.

"गप झाली की वो!" तो नाचत म्हणाला. "आयशप्पत, गप झाली!"

त्यानं गळ्यातला मफलर काढून टर्बाइनवरून ओवाळला. मगदूम हसत होते आणि डोळे पुसत होते. आणि नाडगौडा साहेब केसिंगसमोर तोंड उघडून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ते गात होते. बहुधा टर्बाइननं सोडला तोच सूर धरून, हात लांबवून, पूर्ण आवाजात. त्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नुसती गळ्याची शीर दिसत होती.

त्यांनी मला पाहिलं आणि थांबले. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "परत गायला लावा तिला!"

"काय?"

"एकदा झालं तर योगायोग! परत पाणी मारा, परत गार करा, परत गायला पाहिजे!"

मगदूमांनी हात जोडले. "बाई, चौथं पातं जाईल!"

"सूर लागला की लगेच गरम करायचं. हातातली मिनिटं पुरतील."

"करा वो साहेब," खोत म्हणाला, "मला बी बगायचंय."

केलं. उलट्या क्रमानं आलं. आधी काही नाही, मग एकदम काळी तीन, मग पांढरी पाच. त्याच्या पुढं मगदूमांनी जाऊ दिलं नाही. परत वर नेलं, परत गप. तोवर बॉयलरवाले, मोटारवाले, कुणीकुणी हॉलच्या दारात जमले होते. आत काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, पण साहेबांची मूठ उघडली की ते टाळ्या वाजवायचे. केमिस्टही तणतणत आला होता. थोड्या वेळानं पाहिलं तर तोही टाळ्या वाजवत होता.

जिन्यावर आल्यावर मगदूमांनी विचारलं, "म्हणजे वाफ एवढी गरम ठेवली की झालं? पातं तुटणार नाही?"

"यंदापुरतं झालं," मी म्हटलं. "पण हे औषध नाही, पथ्य आहे. पुढच्या गळिताला पात्यांमधली वाट बदलायची. कशी, ते आत्ता माहीत नाही. शंभर वाटा घालून बघाव्या लागतील प्रोग्रॅमला. ह्या कॉम्प्युटरवर दोन वर्षं लागतील. मोठा लागेल."

मगदूमांनी साहेबांकडं पाहिलं. मीही पाहिलं. साहेब रुमालानं मान पुसत होते.

"लागेल," साहेब म्हणाले. "आणि टायपिंगला दुसरं कुणीतरी लागेल."

चारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी कारखान्याच्या संचालकांना सगळं सांगितलं. सांगताना प्रत्येक दुसऱ्या वाक्याला माझ्याकडं बोट केलं. मध्येच एका संचालकांनी विचारलं की ह्या 'कॉम्प्युटर सेक्शन'मध्ये किती माणसं आहेत, आणि साहेब म्हणाले, "ह्या."

परत येताना अंधार पडल्यावर कराडला चहासाठी थांबलो. समोर पिवळा एसटीडी बूथ होता. मी घरी फोन लावला. आमच्याकडं फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या दुकानात यायचा, आणि दुकानदार नवऱ्याला हाक मारून बोलवायचा. आमचे हे लेथवर काम करायचे, त्या आठवड्यात सकाळची पाळी होती.

"काय झालं गं कला?" धापा टाकत म्हणाले. "बसवलं का परत टायपिंगला?"

"नाही."

"मग?"

"वाफ गप झाली."

"म्हणजे बरं का वाईट?"

"बरं. लई बरं. मी आता टायपिस्ट नाही."

"मग कोण?"

हे मला कुठं माहीत होतं? बूथच्या काचेचं दार अर्धवट उघडून मी रस्त्यापलीकडं ओरडले, "साहेब! मी कोण?"

साहेब कपबशी हातात घेऊन गाडीला टेकले होते. रस्त्यावरचे चारपाच लोक थबकून माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी बशी बॉनेटवर ठेवली आणि खरोखर विचार केला. ऑफिसात ड्रॉइंगवर सही करण्याआधी करायचे तेवढा.

"इंजिनिअर!" ते ओरडले. "सांगा त्यांना, इंजिनिअर! डायरेक्टरांशी मी भांडतो!"

मी दार लावून घेतलं. "ऐकलं का?"

पलीकडून हे म्हणाले, "इंजिनिअर? परीक्षा न देता?"

"दिली की," मी म्हटलं. "दुपारी. तोंडी होती."

ते इतक्या मोठ्यानं हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.